शरशय्येवरचा रुग्ण आणि रात्रपाळीची सिस्टर



आजचं वाचन : महाभारत, भीष्मपर्वातला शरशय्येचा प्रसंग. सोबत भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. पुस्तक जवळ असेल तर आधी हे दोन्ही वाचून घ्या आणि मग पुढे या. नसेल तरी हरकत नाही, चहा घेऊन बसा. आज थोडं जास्त लिहिणार आहे.

मागच्या महिन्यात पहाटे सव्वातीनला माझा फोन वाजला. माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणतो, एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. नाईट ड्युटीवर होती. आवाज दबका.

झालं असं होतं. तिच्याकडे एक आजोबा होते, वय अठ्ठ्याहत्तर. आजार शेवटच्या टप्प्यातला, आधी एकदा व्हेंटिलेटरवर जाऊन परत आलेले. पूर्ण शुद्धीवर असताना त्यांनी ताईचा हात धरून सांगितलं होतं, "सिस्टर, पुन्हा ती नळी नको. मुलाला सांगा, मला घरी न्या." ताईने डॉक्टरांना कळवलं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे, वेळ टाकून, नर्सिंग नोट्समध्ये लिहिले. दुसऱ्या दिवशी मॅनेजमेंटकडून निरोप आला : हे पान नव्याने लिहा, ते वाक्य नको. आणि नातेवाइकांनी विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं, "पेशंट स्टेबल आहे."

ताईने कारण विचारलं. उत्तर मिळालं, "तुमचं काम औषध देणं आहे, समुपदेशन नाही. आणि तुमचा बाँड अजून आठ महिने बाकी आहे."

तिची मूळ सर्टिफिकेट्स हॉस्पिटलच्या कपाटात. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. ती मला म्हणाली, "अरे, तू रोज गीता लिहितोस ना? मग सांग, मी काय करू?"

आणि मी काय उत्तर दिलं माहितीये? "ताई, तू तुझं कर्म कर, फळाची चिंता करू नको."

ती दोन सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे पान लिहू की नको लिहू?" आणि फोन ठेवला.

खरं सांगतो, त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. इतकी वर्षं वाचतोय, पण माझ्याकडे होतं ते फक्त स्टेटसला टाकण्यासारखं वाक्य. म्हणून आजचं चिंतन. आधी माझ्यासाठी, मग तुमच्यासाठी.

शरशय्येजवळ कोण काय घेऊन आलं?

युद्धाचा दहावा दिवस. भीष्म पडले. अंगात इतके बाण की शरीर जमिनीला टेकलंच नाही. दोन्ही बाजूंनी लढाई थांबवली आणि सगळे त्यांच्याभोवती जमले. आता नीट बघा, प्रत्येक जण काय घेऊन येतो.

भीष्मांचं डोकं खाली लोंबत होतं. त्यांनी उशी मागितली. राजेलोक मऊ, भारी उश्या घेऊन धावले. भीष्म म्हणाले, या नकोत, या वीराच्या शय्येला शोभत नाहीत. मग त्यांनी अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनाने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, काय करू, आज्ञा करा. आणि तीन बाण मारून डोक्याला आधार दिला.

दुर्योधन निष्णात वैद्य घेऊन आला, बाण काढण्याची सगळी हत्यारं घेऊन. भीष्मांनी त्यांना नकार दिला. पण कसा? यांना धन द्या, मान द्या आणि परत पाठवा, असं सांगून. वैद्यांवर राग नाही, विद्येचा अपमान नाही. फक्त एवढंच : आता मला हे नको.

दुसऱ्या दिवशी त्यांना तहान लागली. पुन्हा पक्वान्नं आली, थंड पाण्याचे घडे आले. पुन्हा नकार, आणि पुन्हा अर्जुन. त्याने शेजारी जमिनीत बाण मारला आणि तिथून पाण्याची धार उसळली.

लहानपणी ही गोष्ट मी अर्जुनाच्या नेमबाजीची म्हणून ऐकली होती. त्या रात्री वाचताना ती वेगळीच दिसली. इथे कुणीही वाईट नाही. उश्या आणणारे प्रेमाने आणतायत. दुर्योधनसुद्धा आजोबांसाठी उत्तमात उत्तम वैद्य आणतोय. पण प्रत्येक जण आपल्याकडे जे आहे ते घेऊन आला. पडलेल्या माणसाला काय हवंय, हे अर्जुनाने विचारलं आणि तेच केलं.

आयसीयूमध्ये रात्री तीनला हे विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स असते. डॉक्टर राउंडला येतात, नातेवाईक ठरलेल्या वेळेत आत येतात. सिस्टर बारा तास त्या खाटेजवळ असते. त्यामुळे खरं वाक्य तिलाच ऐकू येतं. मग ते वाक्य फाईलमधून पुसायला लावणं म्हणजे काय? शरशय्येवरच्या माणसाचं तोंड बंद करणं.

पण हेच भीष्म आधी गप्प बसले होते

आता याच भीष्मांचा दुसरा प्रसंग, सभापर्वातला. द्यूत झालं, द्रौपदीला सभेत ओढत आणलं. तिने सरळ कायद्याचा प्रश्न विचारला : स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला याचं नीट उत्तर देता येत नाही. सभेतला सगळ्यात ज्येष्ठ माणूस, आणि उत्तर देता येत नाही!

बोललं कोण? विकर्ण. दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. त्याच घरचं खाणारा. त्याने उभं राहून सांगितलं, हे चुकलंय. कर्णाने त्याला पोरकट म्हणून गप्प बसवलं. त्या दिवशी विकर्णाच्या बोलण्याने काही बदललं नाही. पण त्या सभेत कुणीतरी बोललं होतं, हे व्यासांनी नोंदवून ठेवलं.

विदुरही बोलले. त्यांनी एक जुना हिशोब सांगितला, जो मला आजच्या विषयाचा गाभा वाटतो. सभेत निंद्य कृत्य होत असेल आणि कुणी त्याला विरोध करत नसेल, तर त्या पापाचा अर्धा वाटा प्रमुखाकडे जातो, पाव वाटा करणाऱ्याकडे आणि उरलेला पाव वाटा गप्प बसणाऱ्या सभासदांकडे.

हा हिशोब किती न्यायी आहे बघा. अर्धा भार वरच्या खुर्चीवर. म्हणजे ताईला पान बदलायला लावणाऱ्यांचा दोष सगळ्यात मोठा, हे शास्त्र स्पष्ट सांगतं. पण ज्याच्या हातात पेन आहे त्याचाही वाटा शून्य होत नाही. "वरून ऑर्डर होती" म्हटल्याने पाव वाटा सुटत नाही.

आणि भीष्म का गप्प बसले? युद्धाच्या सकाळी युधिष्ठिर आशीर्वाद घ्यायला आला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं : माणूस धनाचा दास असतो, मी कौरवांशी धनाने बांधला गेलोय. भीष्मांसारखा माणूस हे कबूल करतो! म्हणून बाँड, हप्ता, सर्टिफिकेट यांत अडकलेल्या नर्सला कुणी सोप्या तोंडाने "घाबरू नको" म्हणू नये. ते बंधन खरं असतं.

गॉस्पोर्टच्या परिचारिका

हे सगळं पुराणातलं, आज काय, असं कुणाला वाटत असेल तर इंग्लंडमधली एक नोंद वाचा.

हॅम्पशायर परगण्यात गॉस्पोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या वॉर मेमोरियल हॉस्पिटलमध्ये वयस्कर रुग्णांना डायमॉर्फिन हे अफूवर्गातलं तीव्र औषध सिरिंज ड्रायव्हरमधून सतत दिलं जात होतं. यातले कित्येक जण मरायला नाही, तर बरं होऊन घरी जायला तिथे आले होते. १९९१ मध्ये तिथल्या काही परिचारिकांनी तक्रार केली : वेदना नसलेल्यांनाही हे औषध का देतो आपण? बैठका झाल्या, पत्रं झाली. पद्धत मात्र बदलली नाही, आणि परिचारिकांचा आवाज दबला.

२०१८ च्या जूनमध्ये बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळाने अहवाल दिला. १९८९ ते २००० या काळात ४५० हून अधिक रुग्णांचं आयुष्य वैद्यकीय कारणाविना दिलेल्या अशा औषधांमुळे कमी झालं, असा निष्कर्ष निघाला. कागद हरवलेले आणखी साधारण २०० जण असू शकतात, असंही मंडळाने म्हटलं. १९९१ मध्येच ऐकलं असतं, तर पुढची कितीतरी माणसं वाचली असती.

त्याच अहवालात एक अवघड गोष्टही आहे : ती इंजेक्शनं प्रत्यक्ष देणाऱ्याही परिचारिकाच होत्या. विकर्णही त्याच सभेत होते आणि गप्प बसलेलेही त्याच सभेत. एकाच वॉर्डमध्ये दोन्ही असतात. कधीकधी एकाच माणसात दोन्ही असतात.

तिकडे दबाव आयुष्य लवकर संपवणाऱ्या पद्धतीकडे डोळेझाक करण्याचा होता. ताईकडे उलट, संपत आलेलं आयुष्य यंत्रावर लांबवण्याचा. दिशा दोन, पण चूक एकच : खाटेवरच्या माणसाला सोडून दुसऱ्याच कुणाच्या सोयीने ठरवणं.

या चुकीचा ओरखडा नर्सच्या मनावर राहतो. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने नर्सिंगच्या नीतीवर लिहिताना त्याला नाव दिलं, ज्याला आपण नैतिक घुसमट म्हणू. बरोबर काय ते माहीत असतं, पण संस्था ते करू देत नाही. थकवा झोपेने जातो. ही घुसमट झोपेने जात नाही.

स्टेबल आणि खरं यांच्या मधली वाट

आता गीतेकडे. सतराव्या अध्यायात भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलण्याला चार कसोट्या : ऐकणाऱ्याला अस्वस्थ करून सोडणारं नसावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. चारही एकत्र हवेत.

"पेशंट स्टेबल आहे" हे वाक्य लावून बघा. प्रिय आहे, अस्वस्थही करत नाही. पण खरं नाही आणि हिताचंही नाही, कारण मुलगा त्या वाक्यावर विसंबून ऑफिसला निघून जाईल आणि शेवटची भेट हुकेल. उलट "आता काही होणार नाही, न्या घरी" हे कदाचित खरं असेल, पण दगड मारल्यासारखं.

मधली वाट कशी असते? ताईने नंतर मला सांगितलं, तिची जुनी इन्चार्ज सिस्टर असं बोलायची : "दादा, तब्येत नाजूक आहे. निदान डॉक्टरच सांगतील, मी त्यांची भेट मागते. पण बाबा काल तुमची आठवण काढत होते, काहीतरी सांगायचंय त्यांना. आज थांबा त्यांच्याजवळ." खरं आहे, गोड आहे, हिताचं आहे. आणि नर्सने आपली मर्यादाही ओलांडली नाही. याला तप का म्हटलंय, ते हे वाक्य पहाटे तीनला बोलावं लागणाऱ्यालाच कळेल.

निष्काम म्हणजे निमूट नव्हे

आणि माझं ते वाक्य, फळाची चिंता करू नको. मी त्याचा अर्थ नकळत असा लावला होता : सांगितलेलं काम कर, विचार करू नको. पण अर्जुनाला भगवंतांनी निमूट व्हायला कधी सांगितलं? अठराव्या अध्यायात ते म्हणतात, त्रास होईल या भीतीने जो आपलं कर्तव्य सोडतो त्याचा त्याग राजस, त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरू होते ती अभयाने. आधी अभय, मग बाकी सगळं.

मग ताईच्या बाबतीत फळ कोणतं? मेमो, बदली, शेरा, पगारवाढ. आणि कर्म कोणतं? रुग्णाचं वाक्य जपणं. फळ सोडायचं आणि कर्म धरायचं. मी तिला नेमकं उलटं ऐकवलं होतं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

भक्ती करताना माहितीही हवी, नाहीतर आपण भावनेत वाहून जातो.

आपल्याकडे ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला आणि जिवंतपणी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ ला ही पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. उपचार थांबवण्याचा निर्णय मात्र कुणा एकाचा नसतो. हॉस्पिटलची दोन वैद्यकीय मंडळं तपासतात, आणि कुटुंबाची संमती लागते. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. नैसर्गिक मृत्यूला वाट देणं आणि मृत्यू घडवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

या सगळ्या चर्चेत एका नर्सचंही नाव आहे, हे विसरू नका. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, आणि २०१५ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. त्यांच्या दयामरणाच्या अर्जाला याच परिचारिकांचा विरोध होता. तुमचं मत काहीही असो, इतकी वर्षं कूस बदलून देणाऱ्या हातांना विचारल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, हे तिथे दिसलं.

ताईने काय केलं

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून आधी माफी मागितली. मग भीष्मांची गोष्ट सांगितली, विदुरांचा हिशोब सांगितला. आणि म्हणालो, "पान लिहू नको असं मी सांगणार नाही, नोकरी तुझी आहे. सगळी गीता सांगून झाल्यावर भगवंतसुद्धा अर्जुनाला म्हणाले, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर."

ताईने पान बदललं नाही. भांडलीही नाही. इन्चार्ज सिस्टरला सोबत घेतलं, कारण एकटीला गप्प बसवणं सोपं असतं. लेखी कळवलं की केलेली नोंद मी बदलू शकत नाही, काही भर घालायची असेल तर आजची तारीख-वेळ टाकून खाली घालते. आणि मुख्य डॉक्टरांना विनंती केली की मुलाला एकदा समोर बसवून बोला.

डॉक्टर बोलले. मुलगा रडला, चिडलाही. आजोबा घरी जाऊ शकले नाहीत, तेवढा वेळ उरला नव्हता. पण नळी पुन्हा घातली नाही. वेदनेचं औषध दिलं, साध्या खोलीत हलवलं. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले, तेव्हा मुलगा त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होता.

मला अर्जुनाचा तो बाण आठवला.

ताईची बदली झाली. आयसीयूतून थेट ओपीडीत, नाईट अलाउन्स बंद. सर्टिफिकेट्स अजून त्यांच्याच कपाटात आहेत. तिने किंमत मोजली आणि अजून मोजतेय, हे लपवणार नाही. परवा मी विचारलं, "पश्चात्ताप होतो का गं?" म्हणाली, "हप्त्याचं टेन्शन येतं. पण झोप लागते."

आजचा संकल्प

१. तुम्ही नर्स असाल तर : रुग्णाचे शब्द वेळेसकट लिहा. लिहिलेलं बदलू नका. एकटीने लढू नका, सोबत शोधा. आणि नाहीच बोलता आलं कधी, तर स्वतःला कायमचं दोषी ठरवू नका. सभेत गप्प बसलेल्या भीष्मांकडूनच पुढे शांतिपर्वातला धर्म जगाला मिळाला.

२. तुम्ही नातेवाईक असाल तर : सिस्टरवर ओरडू नका. एकच प्रश्न विचारा, "ते तुमच्याशी काही बोलले का?"

३. आपण सगळ्यांनी : या रविवारी आई-बाबांसोबत बसा आणि विचारा, "तुम्हाला शेवटी काय हवं, काय नको?" विषय अवघड आहे, आई म्हणेल "अभद्र बोलू नको." तरी विचारा. भीष्मांना ५८ रात्री मिळाल्या होत्या. आपल्याला किती मिळतील ते माहीत नाही.

प्रार्थना

हे माधवा, जे रात्रभर दुसऱ्याच्या श्वासाशेजारी जागे असतात त्यांना अभय दे. ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांना अर्ध्या वाट्याची आठवण राहू दे. आणि माझ्या तोंडून पुन्हा पाठ केलेलं वाक्य निघण्याआधी, मला समोरच्याचं ऐकायला शिकव.

राम कृष्ण हरी. उद्या पुन्हा भेटू.